आडवं माप

लीनबाई माझ्याकडे पहिल्यांदा माप द्यायला आली तेव्हा चपला काढून सरळ माझ्या कापायच्या टेबलावर चढली आणि आडवी झाली. हात अंगासरशी, पाय जुळवलेले, डोळे मिटलेले. मी गळ्यात टेप घालून बघत उभी. चाळीस वर्षं बायकांची मापं घेतेय, पण असं गिऱ्हाईक कधी आलं नव्हतं.

"अहो बाई, उठो. माप खडे रहके लेते हैं," मी म्हटलं.

तिनं एकच डोळा उघडला. "मरके कौन खडा रहता?"

घेतलं आडवंच माप. आणि तुम्हाला सांगते, आडव्या माणसाचं माप निराळंच येतं. पोट आत जातं, खांदे पसरतात, पावलं बाहेर कलतात. उभ्या माणसाला जी ऐट असते ती आडवं झाल्यावर टेपला लागत नाही.

मी काही शिकलेली बाई नव्हे. चिपळूणला सातवीपर्यंत शाळा, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचलं. लग्न झालं आणि यांच्यामागून बहारीनला आले. हे सित्र्याला तेलाच्या कारखान्यात फिटर होते. पहाटे कोपऱ्यावर कंपनीची बस यायची, ती यांना घेऊन जायची आणि संध्याकाळी अर्धे परत आणून सोडायची. हे गेल्यापासून मी मुलीकडे, सुषमाकडे, नईम भागात राहते. मागच्या खोलीत माझी मशीन, टेबल आणि भिंतीवर यांचा फोटो.

लीनबाई आमच्या वरच्या मजल्यावरची. चीनची, समुद्रकाठच्या गावातली. मुलाचं, वेईचं, टाइल्सचं दुकान होतं, त्याच्याकडे राहायची. चौथा मजला असं मात्र तिनं कधी म्हटलं नाही. चार हा आकडा त्यांच्यात वाईट. "तीन के ऊपर" म्हणायची. लिफ्टमध्ये चारचं बटण दाबायची वेळ आली की दुसऱ्याला दाबायला लावायची. म्हणजे अपशकुन झाला तर त्याला होईल!

माझी भाची चीनला सहलीला जाऊन आली. आठ दिवस, हातात झेंडी धरलेला गाईड, भिंतीवर उभं राहून काढलेले शंभर फोटो. मी तिला फोनवर विचारलं, "त्यांच्यात माणूस गेलं की काय घालतात गं अंगावर?" ती म्हणाली, "मावशी, ते आमच्या कार्यक्रमात नव्हतं." मी म्हटलं, मग काय बघून आलीस? माझा चीन नईमला, सहा फुटी टेबलावर आडवा झाला होता.

तर ऑर्डर अशी होती. सात थर. वर चार, खाली तीन. एकूण आकडा विषम पाहिजे, जोडी झाली तर घरातलं आणखी कोणीतरी सोबत जातं. "मफी बटन. मफी पाकिट," ती बोटं मोडत सांगायची. मफी म्हणजे नाही, हे इकडचं अरबी. खिसा ठेवला तर मेलेलं माणूस घरची बरकत त्यात भरून नेतं. बाही हाताच्या पुढे चार बोटं लांब, कारण हात उघडा राहिला तर पोरांना भीक मागावी लागते. आणि लोकर अजिबात नको.

"लोकर का नको?"

"लोकर पहना तो बकरी बनेगा."

शिलाई सगळी हाताची. आणि दोऱ्याला गाठ मारायची नाही! मी म्हटलं, गाठ न मारता टाका टिकेल कसा? ती म्हणाली, टिकायचंय कशाला, जमिनीखाली कोण ओढणार आहे.

हे कपडे म्हातारी माणसं जिवंतपणीच करून ठेवतात त्यांच्यात. त्यानं आयुष्य वाढतं म्हणे. तिनं मला यामागचं शास्त्र सांगितलं ते असं: मरण दाराशी येतं, आत डोकावतं, ट्रंकेत कपडे तयार बघतं आणि म्हणतं, हिची तयारी आहे, हिला केव्हाही नेता येईल. मग ते आधी बिनतयारीच्यांकडे जातं. आमच्या जावयांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आई, हे अगदी आमच्या ऑडिटसारखं आहे."

रोज सकाळी अकराला ती यायची. दारातूनच विचारायची, "खाना खलास?" त्यांच्यात भेटल्यावर नमस्कार-चमत्कार नाही, जेवलीस का हेच विचारतात. मला ते फार आवडायचं. आपल्याकडे पण तसंच नाही का? आणि आली की नुसतं गरम पाणी प्यायची. चहा दिला तर कपाकडे असं बघायची की जणू मी औषध देऊन मोकळी होतेय. बसल्या बसल्या माझ्या गिऱ्हाइकांचं कापड चिमटीत धरून तपासायची. एकदा एका मुलीचा लग्नाचा शालू आला होता, ब्लाऊज शिवायला. लाल, जरीचा. लीनबाईनं तो गालाला लावला, डोळे मिटले आणि त्या मुलीच्या आईला म्हणाली, "बहोत अच्छा. मिट्टी में पचास साल खराब नहीं होगा."

ती बाई पुन्हा माझ्याकडे आली नाही. लग्न मात्र चांगलं झालं म्हणे.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

या कपड्यांची मुख्य अट होती ती ही, की ते अधिक महिन्यातच शिवायचे. हो, त्यांच्यातही अधिक महिना असतो! मला कोण आनंद झाला! जावई घरातच असल्यामुळे अधिक महिना मी कधी विसरत नाही. अनारसे, वाण, सगळं रीतसर करावं लागतं. ती म्हणाली, "एक्स्ट्रा महीना आता है. उसमें सिलाई." मी भिंतीवरची दिनदर्शिका उलटली. त्या वर्षी अधिक श्रावण होता. आम्ही बोलत होतो तेव्हा होळी नुकतीच झाली होती. मी म्हटलं, "हां हां, एक्स्ट्रा महीने में. बहोत टाइम है." तिनं मान डोलावली. मीही डोलावली.

पुढे रमजान लागला. ईदची कामं गळ्यापर्यंत आली. ती रोज येत होती, खाना खलास विचारत होती, आणि अधूनमधून माझ्या कपाटाकडे बघून "एक्स्ट्रा महीना?" एवढंच म्हणत होती. मी म्हणायची, "एक्स्ट्रा महीना, एक्स्ट्रा महीना!" घाई करणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिंप्याला टोकू नये, शिंपी रागावला की टाके वाकडे पडतात, असं तिचं मत.

ईदच्या दोन दिवस आधी दुपारी ती लाल सुटकेस ओढत आली. केस विंचरलेले, अंगावर चांगला कोट. म्हणाली, "आज आखरी दिन. कपडा दे."

मी म्हटलं, "कसला आखरी दिन? श्रावण अजून लांब आहे."

मग कळलं. त्यांचा अधिक महिना आपल्या गुढीपाडव्याला सुरू झाला होता आणि त्या दिवशी संपत होता. चंद्र एक, पण त्यांचा जादा महिना वेगळा आणि आपला वेगळा! तिचं कापड माझ्या कपाटात घडीवर घडी तसंच होतं. कात्रीसुद्धा लागली नव्हती. ईदचा कुर्ता न्यायला आलेली रत्नागिरीची हमीदा तिथंच बसली होती. ती म्हणाली, "शालनताई, आमच्यात हा घोळच नाय. आमच्यात अधिक महिनाच नाय." आणि मग लीनबाईचा चेहरा बघून आपल्या कुर्त्याची घडी घालायला लागली.

मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर ओरडेल. ती सुटकेसवर बसली. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "अगला एक्स्ट्रा महीना दो साल. छठा महीना." सुटकेसची मूठ धरून उठली. "ठीक है. अब दो साल मरना मफी."

आणि रिकामी सुटकेस ओढत वर गेली.

मी हसले, खोटं कशाला सांगू. हमीदाही हसली. संध्याकाळी वेई खाली आला. साधा, कामात बुडालेला मुलगा. दारातच उभा राहून म्हणाला, "आंटी, मम्मी का किडनी खलास है. डॉक्टर बोला, एक साल. शायद."

आठवड्यातून तीनदा तो तिला सलमानियाच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करायला नेत होता. मला वाटायचं ती बाजारात जाते. मी कधी विचारलंच नव्हतं. ती मला रोज विचारायची जेवलीस का, आणि मी तिला काय विचारलं? टेपचे आकडे.

मी म्हटलं, "वेई, मी उद्याच शिवते सगळं, महिना कुठला का असेना." तो म्हणाला, "नहीं पहनेगी. मालूम है मेरे को." आणि जरा घुटमळून म्हणाला, "मेरे घर में ये बात मत करो आंटी. मेरे को अच्छा नहीं लगता." मुलाला आईच्या मरणाचे कपडे घरात नको होते. म्हणून सुटकेस माझ्याकडे आली, कपाटातलं कापड तीत भरून मशीनखाली ठेवली. जावई पहिल्या दिवशी म्हणाले, "आई, घरात कफन?" दोन महिन्यांनी त्यावर पाय टेकवून चहा पीत होते.

दोन वर्षं. एका वर्षाचं माणूस दोन वर्षं कसं पुरवून पुरवून वापरायचं, ते मी तिच्याकडून शिकले. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर थांबायची आणि पायरीला काहीतरी चिनी शिवी द्यायची. हातावरच्या शिरा सुजून दोरखंडासारख्या झाल्या. तोंडाची चव गेली. पण अकरा वाजता दारात, "खाना खलास?"

आणि ती मला शिकवू लागली. पोराला नको होतं, मग कोणाला तरी माहीत हवं ना. त्यांच्या गावाकडे कपडे मढ्याला एकेक करून घालत नाहीत. मोठ्या मुलानं स्टुलावर उभं राहायचं, डोक्यावर बांबूची टोपी. पाय जमिनीला नको, डोकं आभाळाला नको. मग सातही थर एकात एक करून त्याच्या अंगावर चढवायचे आणि सगळे एकदम उतरवून आईच्या अंगावर. आईनं पोराला जन्मभर कपडे चढवले, शेवटची एकदा पोरानं अंगावर ऊब करून आईला द्यायची.

याची तालीम माझ्यावर! मी सत्तरीची बाई, इस्त्रीच्या स्टुलावर उभी, डोक्यावर टोपीच्या जागी पिठाची चाळण, अंगावर सुषमाच्या जुन्या चार मॅक्सी. लीनबाई खालून हुकूम सोडतेय, "हाथ ऊपर! सीधा!" तेवढ्यात सुषमा ऑफिसातून आली. तिनं आमच्याकडे बघितलं, पर्स ठेवली आणि म्हणाली, "आई, चहा टाकू का डॉक्टरला फोन करू?"

मी माझ्या परीनं तिला आपलं सांगितलं. म्हटलं, आमच्यात एवढं काही नाही. एक कोरं कापड आणि आग. तिनं यांच्या फोटोकडे बोट केलं. "ये भी? एक कपडा?"

"एकच."

"जूता?"

"जूता नाही. आमच्यात अनवाणीच जातात."

तिला ते फार लागलं. "रास्ते में पत्थर है," ती म्हणाली. दाराशी यांचे कंपनीचे बूट अजून ठेवलेले असतात, पुढे लोखंड असलेले. मी टाकले नाहीत, कारण काही नाही. तिनं त्यातला एक उचलला, आत हात घातला आणि चाचपत बसली. मला जरा रागच आला. मेलेल्याच्या बुटात कोणी असा हात घालतं?

"छोटा," ती म्हणाली.

खरंच छोटा होता. यांचा पाय नऊ नंबरचा, कंपनीत मिळायचा आठ. पहिल्याच वर्षी सांगितलं तेव्हा कोणी म्हणालं, वापरून सैल होईल. मग पुन्हा बोलायची यांना लाज वाटली. अठरा वर्षं बूट चावला. बूट सैल झाला नाही, अंगठाच मुडपला. रात्री मी तेल लावून द्यायची तेव्हा म्हणायचे, शालन, मेल्यावर तरी हा काढायला विसरू नकोस. हे सगळं मी तिला सांगून बसले, मोडक्या हिंदीत. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं बूट जागेवर ठेवला, दुसऱ्याच्या अगदी रेषेत.

दर वसंतात एकदा ती गच्चीवर जायची. तुपाच्या मोठ्या डब्यात कागदाच्या वस्तू जाळायची, नवऱ्यासाठी. कागदाचा शर्ट, कागदाचा फोन, एकदा तर कागदाचा एसी. जाळलेलं तिकडे पोचतं म्हणे. त्या वस्तू ती माझ्याच खोलीत बसून बनवायची, माझ्या कटिंगच्या खाकी कागदाच्या. प्रत्येक वस्तूवर नवऱ्याचं नाव लिहायची. मी विचारलं, नाव कशाला? नवरा ओळखत नाही का?

"नाम नहीं लिखा तो दूसरा भूत लेके भागता." तिथंही चोर आहेत म्हणजे. मला बरं वाटलं. परकं वाटणार नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांचा सहावा महिना दोनदा आला, तो आमच्या साध्या श्रावणात. बाहेर आग ओतत होती. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिच्याकडूनच लाल खुणा करून घेतल्या होत्या, पहिला दिवस आणि शेवटचा. पहिल्या दिवशी कात्री लावली. मध्ये नागपंचमी आली, त्या दिवशी मी काही कापत-चिरत नाही. तिला घाबरत घाबरत सांगितलं. म्हटलं, सापाचा दिवस आहे. तिनं सापाला एक दिवस दिला. तसा मागच्या वेळी मी तिचा अख्खा महिना खाल्ला होताच की.

बाकीचे दिवस मी दुसरं एकही काम घेतलं नाही. गाठ न मारता शिवणं किती कठीण, ते शिंपिणीलाच कळेल. टाका संपला की बोटं आपोआप गाठीकडे जातात. तिला आता जिना उतरवेना. वेई तिला खुर्चीत बसवून लिफ्टनं आणायचा, दाराशी सोडायचा आणि आत न बघता निघून जायचा. ती भिंतीला टेकून सुई ओवून द्यायची. दहादा दोरा चुकायचा. मी मदत करायला गेले की हातावर चापट.

महिना संपायला चार दिवस असताना सातवा थर झाला. मी तिला टेबलावर चढवलं. दोन वर्षांपूर्वी उडी मारून चढली होती, आता मी उचलून ठेवली. काय वजन राहिलं होतं! कपडे अंगावर पसरले. सगळं दोन्हीकडून चार-चार बोटं सैल. माप जुनं होतं, माणूस उरलं नव्हतं.

"बारीक करू का? अजून चार दिवस आहेत," मी म्हटलं.

"नो," ती डोळे मिटूनच म्हणाली. "वहाँ खाएगा. मोटा होगा."

कार्तिकात एके दिवशी अकरा वाजले, साडेअकरा झाले. दार वाजलं तेव्हा वेई होता. मी मशीनखालची सुटकेस ओढली.

दवाखान्यामागच्या थंड खोलीत आम्हाला तासभर दिला होता. दुसऱ्या दिवशीच्या विमानानं तो तिला गावी नेणार होता, बापाशेजारी. मी त्याला म्हटलं, वेई, एकेक करून घालू, मला जमेल. तो सुटकेसकडे बघत राहिला. बरोबर त्यानं एक पिशवी आणली होती. तीतून त्यानं दुकानातलं प्लॅस्टिकचं स्टूल काढलं आणि बांबूची टोपी काढली. टोपी नवी नव्हती. म्हणजे ती तिनं त्याच्याच घरात कुठंतरी ठेवली होती, त्याला दिसेल अशी.

"मेरे को नहीं आता, आंटी," तो म्हणाला.

"मला येतं," मी म्हटलं. "हाथ ऊपर. सीधा."

चाळीस वर्षांचा पोरगा स्टुलावर टोपी घालून उभा, हात वर. मी एकेक थर चढवत गेले. बाह्या त्याच्या हातांच्याही पुढे गेल्या. मग आम्ही ते सगळं एकदम उतरवलं आणि तिच्या अंगावर चढवलं. अजून कोमट होतं.

तीन आठवड्यांनी तो परत आला. आईची खोली आवरली असेल. माझ्याकडे खाकी कागदाचं पुडकं घेऊन आला.

"आंटी, ये आप का लिखना है? मम्मी हर साल एक जोडी जलाती थी, पापा के सामान के साथ. ये अगले साल का है, पहले से बना के रखा."

कागदाचे बूट होते. माझ्याच कटिंगच्या कागदाचे. पुढे चहाच्या पुड्यातली चंदेरी चिकटवलेली, लोखंडाच्या जागी. आणि बाजूला यांचं नाव. फोटोखालचं बघून काढलेलं. लिहिलेलं नव्हे, काढलेलं. रफाराला झेंडा केलेला, काने वेडेवाकडे, पण एकही अक्षर सुटलं नव्हतं. पुढचं कै. सुद्धा.

वेईला मी म्हटलं, "हो, आमचंच आहे."

तुपाचा डबा गच्चीवर तसाच होता. गुढीपाडव्यापर्यंत थांबले आणि मग बूट घेऊन वर गेले. काडी ओढायच्या आधी, काय करणार, हाताची सवय, एका बुटात हात घालून बघितला.

नऊ नंबर. आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडलेली.